भिवरा रंगारणीची आणि राखणीच्या वशाची कहाणी

ऐका सटवाईबाई, तुमच्या राखणीची कहाणी. जिच्या पदरात लेकरू असेल तिनं जवळ बसावं. जिचा पदर रिकामा झाला असेल तिनं त्याहून जवळ बसावं. हाती अक्षता घ्याव्या, मन दुसरीकडे धाडू नये.

आटपाट नगर होतं, नगराला नदी होती, नदीच्या काठी रंगाऱ्यांची आळी होती. तिथं केरोबा नावाचा एक गरीब रंगारी राहत होता. त्याची बायको भिवरा. घर म्हणजे काय, तर पुढं सोपा, मध्ये माजघर आणि मागं अंगण. अंगणात निळीचं कुंड, भुईत पुरलेलं, माणूसभर खोल. त्याच्या शेजारी चुलाण, चुलाणावर रंगाची कढई. भिंतीला फळी, फळीवर तुरटी, हिराकस, मोरचूद. मोरचुदाचा खडा कसा? तर निळा, चमकणारा, खडीसाखरेसारखा हातात घ्यावासा वाटणारा, आणि पोटात गेला तर जीव घेणारा. अशा घरात दोघं राबत, नगराची लुगडी रंगवत, मिळेल ते खात.

मग काय झालं? भिवरेला मुलगा झाला. रांगू लागला, भिंतीला धरून उभा राहू लागला, पावलं टाकू लागला. एके दिवशी भिवरा लुगडं वाळत घालायला वळली. लुगडं झटकलं, दोरीवर टाकलं, परत वळून पाहते तो अंगण रिकामं. केरोबा धावत आला. त्यानं कुंडात बांबू घातला. लेकरू निळं होऊन वर आलं. आळी गोळा झाली, म्हणाली, देवाची करणी.

मग तिला मुलगी झाली. हिला ती कुंडाजवळ जाऊ देईना. पावसाळा आला, नदी गढूळ झाली, तेच पाणी रांजणात भरलं, तेच पोरीला पाजलं. पोरीला जुलाब लागले, वांत्या लागल्या. डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, रडायलासुद्धा पाणी उरलं नाही. भिवरेच्या मांडीवर तिनं मान टाकली. आळी गोळा झाली, म्हणाली, देवाची करणी.

तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा भिवरा हसली नाही. तिनं डोहाळे सांगितले नाहीत, कोणाकडून ओटी भरून घेतली नाही. पोटावर हात ठेवायची. मनात म्हणायची, हे येईल आणि जाईल. ते दुःख तिला सोसवेना. मग ती काय करती झाली? शुद्ध षष्ठीचा दिवस पाहिला, ओंजळभर तांदूळ घेतले आणि वेशीबाहेर सटवाईच्या बोरीखाली गेली. तिथं शेंदराची शिळा होती. शिळेशी एक म्हातारी गोधडी शिवत बसली होती. केस पांढरे, पाठ वाकलेली, नजर मात्र सुईसारखी.

म्हातारीनं विचारलं, "बाई, का रडतेस?"

भिवरेनं सगळं सांगितलं. एक कुंडानं नेलं, एक नदीच्या पाण्यानं नेलं, आता हे तिसरं. देवाची करणी, आपण काय करणार.

म्हातारीनं सुई थांबवली. म्हणाली, "कुंड उघडं तुम्ही टाकायचं, गढूळ पाणी तुम्ही पाजायचं आणि देवाच्या नावावर किती खपवायचं? मी तुला एक वसा देते. घेशील?"

"घेईन."

"उतशील, मातशील, टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

मग म्हातारी वसा सांगू लागली. रोज दिवेलागणीला हाती दिवा घ्यावा आणि घरात तीन फेरे घालावे. पहिला फेरा पाण्याचा. कुंड झाकावं, रांजण झाकावा, आडावर फळी टाकावी, प्यायचं पाणी उकळावं आणि गाळावं. दुसरा फेरा विस्तवाचा. निखारे राखेत दडपावे, कढईचा कान भिंतीकडे वळवावा, ऊन भांडं भुईवर ठेवू नये. तिसरा फेरा विषाचा. रंगाचे खडे, उंदराचं औषध, म्हाताऱ्यांच्या पुड्या, सुई-सुरी, सगळं लेकराच्या हाताच्या वर ठेवावं, नजरेच्याही वर ठेवावं. फेरे झाले की आपले हात धुवावे, लेकराचे धुवावे. ताजं अन्न वाढावं. पोट भरलं म्हणालं तर कोंबू नये, भूक म्हणालं तर उद्यावर टाकू नये. आणि घास भरवताना विचारावं, आज काय पाहिलंस? ते जे सांगेल ते ऐकावं. घाई करू नये, हसू नये, मारू नये. दर षष्ठीला दहीभाताचा नैवेद्य दाखवावा आणि पाच घरची लेकरं जेवायला बोलवावी.

भिवरा म्हणाली, "आजी, उपास कोणता?"

"उपास नाही."

"दान कोणतं?"

"दान नाही."

"मग ह्याचं फळ काय?"

म्हातारी म्हणाली, "फळ तुला दिसायचं नाही. जे होणार होतं आणि झालं नाही, ते ह्याचं फळ. म्हणून तर हा वसा बायकांच्या हातून टिकत नाही."

भिवरेनं शिळेवर तांदूळ वाहिले, वाकून नमस्कार केला, वर पाहते तो म्हातारी नाही. गोधडीचा एक निळा धागा तेवढा बोरीच्या काट्याला लटकत होता.

मग नऊ महिने भरले, मुलगी झाली. तिचं नाव तानी ठेवलं. चार वर्षांनी मुलगा झाला, त्याचं नाव मल्हार ठेवलं. भिवरा रोज फेरे घाली. केरोबानं कुंडाला सागाचं झाकण करून दिलं, ते दोघांनी मिळून उचलावं लागे. चुलाणाला त्यानं कुडाचा आडोसा बांधला. तानी जेवायला बसली की भिवरा विचारी, आज काय पाहिलंस गं? तानी सांगे, मुंगळा पाहिला, मुंगळ्याच्या तोंडात भात पाहिला, शेजारच्या काकूंची मांजर आपल्या रांजणाशी पाहिली. भिवरा सगळं ऐके. लेकरं आजारी पडत, पण बरी होत. धडपडत, पण उठत. घरात काहीच वाईट घडेना.

आणि काही घडेना म्हणून भिवरा विसरली.

कसं झालं, ऐका. तिच्या निळ्या रंगाची कीर्ती राणीच्या कानावर गेली. राणीनं एक शालू रंगवून मागितला, मग तीन मागितले, मग वाड्याची सगळी लुगडी भिवरेच्या घरी येऊ लागली. हाताखाली बायका आल्या. सोप्यात लोड-तक्के आले. एका सांजेला पाहुणे बसले होते, भिवरा म्हणाली, आज पाण्याचा फेरा राहू दे, एवढे दिवस काही झालं नाही, आज काय होतंय. पाण्याचा फेरा गेला. मग विस्तवाचा गेला. मग विषाचा गेला. सागाचं झाकण भिंतीला उभं राहिलं ते राहिलंच. शेवटी घास भरवणं उरलं होतं, तेही गेलं. तानी ताट पुढं घेऊन म्हणे, आई, आज मी काय पाहिलं सांगू? भिवरा म्हणे, खा गुपचूप. तानी लुगड्यापाशी आली तर भिवरा हात उगारी. डाग पडला तर राणी काय म्हणेल, हे एकच तिच्या डोक्यात. उतली, मातली, घेतला वसा टाकून दिला.

मग राणीच्या मुलाचं जावळ ठरलं. राणीनं नऊ शालू सांगितले, मोरपिशी. भिवरेनं ते रंगवले, वाळवले, घड्या घालून सोप्यातल्या मोठ्या लाकडी पेटाऱ्यात ठेवले. दुपारी वाड्याची गाडी आली. हमाल आले, राणीची दासी आली. केरोबा नदीवर कापडं धुवायला गेला होता. भिवरा दासीला हळदकुंकू लावत मागच्या अंगणात उभी, दासी वाड्याच्या गोष्टी सांगते आहे, भिवरा कान देऊन ऐकते आहे.

तशी तानी धावत आली. म्हणाली, "आई."

भिवरा म्हणाली, मोठी माणसं बोलताना मध्ये येऊ नये.

तानी गेली आणि परत आली. पदर ओढला, म्हणाली, "आई, ऐक ना."

भिवरेनं पदर सोडवला. भूक लागली असेल तर शिंक्यातली भाकरी घे म्हणाली.

तानी गेली आणि तिसऱ्यांदा आली. तिला धाप लागली होती. ओला, रंगाचा हात तिनं आईच्या नव्या लुगड्याला लावला. "आई, गाडी..." एवढंच म्हणाली. भिवरेनं डाग पाहिला आणि थाडकन तिच्या तोंडात मारली.

तानीच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. ती मागं सरकली, भिंतीला टेकली, खाली बसली. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. गाडी वाड्याकडे निघून गेली.

मग भिवरेनं सुस्कारा टाकला, हातपाय धुतले, पानं घेतली. मल्हारला हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली, ओ आली नाही. तिसऱ्यांदा मारली, तेव्हा तिचा स्वर तिलाच ओळखू येईना. सोप्यात नाही, माजघरात नाही, माळ्यावर नाही. अंगणात आली. कुंडावर झाकण नव्हतं.

भिवरा भिंतीशी बसलेल्या तानीकडे धावली.

तिनं तानीला दंडाला धरलं, गदागदा हलवलं. कुठं आहे तो, सांग, नाहीतर बघ. तानीनं तोंड उघडलं, पण दातखीळ बसली होती. डोळे पांढरे करून बघत राहिली. भिवरेनं तिला तिथंच सोडलं. आळी गोळा झाली. केरोबा नदीवरून धावत आला. भिंतीशी टेकवलेला तोच बांबू त्यानं घेतला. त्यानं बांबू कुंडात घातला आणि हळूहळू तळ चाचपू लागला. भिवरा काठाशी बसली आणि बांबूच्या टोकाकडे बघत राहिली. बांबू निळा होऊन वर आला. त्याला काही लागलं नाही. केरोबा माणसं घेऊन नदीकडे गेला. कोणी आडात उतरलं. भिवरा एकटी कुंडापाशी राहिली, आणि कुंडातलं पाणी बोलू लागलं.

"भिवरे, मला काय बघतेस? तुझं लेकरू माझ्यापाशी नाही. मी टपून बसलं होतं. मल्हार काठाशी आला होता, वाकून आपलं तोंड बघत होता. रोज सांजेला मी म्हणे, आज. पण रोज कोणीतरी येई आणि माझ्यावर सूप ठेवी, सुपावर पाट ठेवी. सूप ते काय झाकण? पण ते दिसलं की लेकरू मागं फिरे, मग मीही गप्प बसे."

भिवरेनं विचारलं, कोण ठेवी? पाणी म्हणालं, "मला काठाच्या वरचं दिसत नाही."

ती चुलाणापाशी गेली. राखेतला विस्तव बोलू लागला. "भिवरे, तुझं लेकरू माझ्यापाशी नाही. मी जीभ काढून बसलो होतो. पण रोज सांजेला कोणीतरी येई आणि पळीनं माझ्यावर राख ओढी. पळी आखूड, हात लहान. एकदा तो हात मी चाखला. तरी दुसऱ्या दिवशी आलाच."

ती फळीखाली गेली. मोरचुदाचा खडा बोलू लागला. "भिवरे, तुझं लेकरू माझ्यापाशी नाही. तू मला पायरीवर टाकलं होतंस. मी चमकत होतो. पण रोज सांजेला कोणीतरी पाटावर पाट रचून चढे आणि मला वर ढकली. एकदा पाट घसरले. कोणीतरी पडलं. रडलं नाही, उठून पुन्हा चढलं."

तिचं घर तिन्ही बाजूंनी तोंड वासून बसलं होतं आणि तिला पत्ता नव्हता. ती तशीच अनवाणी धावत सुटली ती वेशीबाहेर, बोरीखाली. ऊन कलतं झालं होतं. शिळेशी तीच म्हातारी गोधडी शिवत बसली होती. भिवरेनं तिचे पाय धरले. म्हणाली, "आई, माझं लेकरू तुझ्याकडे आलं का?"

म्हातारी म्हणाली, "माझ्याकडे आलेली लेकरं मी ओळखते. तुझी दोन आहेत. तिसरं अजून आलं नाही. वाटेवर आहे, अर्ध्याच्या पुढं आलं आहे."

भिवरेनं पाहिलं, तर शिळेमागच्या धुळीत इवली इवली पावलं उमटली होती, निळ्या रंगाची. शिळेपलीकडून कोणी लहान मूल हसल्यासारखं झालं. तिचा ऊर फाटला. ती म्हणाली, "एकदा बघू दे."

"बघ. पण बघत बसलीस तर तिसरंही इथंच बघशील."

भिवरेनं पदर तोंडात कोंबला आणि शिळेकडे पाठ केली. त्या पाठ फिरवण्यासारखं अवघड काम तिनं जन्मात केलं नव्हतं. मग म्हणाली, "मला माझा मल्हार दाखव. तू म्हणशील ते करीन."

म्हातारी म्हणाली, "त्याचा ठाव जिला माहीत आहे ती तुझ्या घरात बसली आहे. तिला विचार. पण मघाशी विचारलंस तसं विचारशील तर तिला सांगता यायचं नाही, आणि वेळ निघून जाईल. जे टाकलंस ते उचल."

भिवरा घरी आली. दिवेलागण झाली होती. घरात दिवा नव्हता. तानी होती तिथंच, भिंतीशी, गुडघ्यात मान घालून. भिवरेच्या मनात आलं, हिला उचलावं, हलवावं, कानाशी ओरडावं, एकेक क्षण जातो आहे. तिनं आपले हात आवळून धरले. दिवा लावला. कुंडावर सूप ठेवलं. निखाऱ्यांवर राख ओढली. खडा वर ठेवला. मग तांब्याभर पाणी घेतलं, आपले हात धुतले आणि तानीसमोर बसून तिचा हात हातात घेतला.

हात धुताना तिला दिसलं. दोन बोटांवर भाजल्याचा फोड, फुटून वाळलेला. कोपराला खरचटलेलं. गुडघ्यावर काळानिळा डाग. भिवरेनं त्या हाताकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. आईनं टाकलेला वसा ही पोर रोज करत होती, कोणाला न सांगता, कारण सांगायला गेलं की मार बसे.

भिवरा रडली नाही. रडणं तिनं गिळलं, पोर आणखी घाबरेल म्हणून. शिंक्यातली भाकरी काढली, दुधात कुस्करली, घास केला, तानीच्या ओठांशी धरला. ओठ उघडले नाहीत. घास तसाच धरून ती हळू म्हणाली, "तानुबाय, आज काय पाहिलंस?"

बाहेर नदीवर माणसं हाका मारत होती. भिवरेचं काळीज कुऱ्हाडीनं तोडल्यासारखं होत होतं, पण तिनं घास हलवला नाही, नजर कठोर केली नाही, पुन्हा विचारलंही नाही. ती थांबली. बायांनो, हेच ह्या वशातलं खरं कठीण. थांबली.

मग तानीचे ओठ हलले. घास तोंडात गेला. घासाबरोबर दात सुटले.

"मी सांगितलं तर मारशील."

"नाही मारणार."

"शालू मळले असतील."

"मळू देत."

तेव्हा तानी बोलली. आम्ही लपंडाव खेळत होतो. माझ्यावर राज्य होतं. मल्हार राणीच्या पेटाऱ्यात लपला, शालूंवर. मऊ लागलं, तिथंच झोपला. मी उठवायला गेले, तेवढ्यात हमाल आले. त्यांनी झाकण लावलं, दोर बांधले. मी म्हटलं, थांबा. ते म्हणाले, बाजूला हो पोरी. मग मी तुझ्याकडे आले. मी तीनदा आले, आई.

भिवरेनं तिला उचलून कडेवर घेतलं आणि धावत सुटली. वाटेत केरोबा भेटला, तोही धावत सुटला. वाड्याच्या दाराशी पहारेकऱ्यानं अडवलं. पेटारा देवघरात ठेवला आहे, जोशीबुवांनी दोरावर कुंकू लावलं आहे, उद्याच्या मुहूर्ताआधी कोणी हात लावायचा नाही. आधी उघडला तर राजपुत्राला अशुभ. केरोबा हात जोडू लागला. भिवरा हात जोडत बसली नाही. ती उंबऱ्यात आडवी पडली, म्हणाली, "माझ्या अंगावर पाय देऊन दार लाव."

गलबला ऐकून राणी खाली आली. तिच्या खांद्यावर तिचं लेकरू झोपलेलं. विचारलं, काय झालं? भिवरेनं तोंड वर केलं. "बाईसाहेब, तुमच्या पेटाऱ्यात माझं मूल आहे."

जोशी मुहूर्ताचं सांगू लागले. राणीनं त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. तिनं खांद्यावरच्या लेकराची मान हातानं सावरली, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि पहारेकऱ्याच्या कमरेची कट्यार स्वतः ओढून देवघराकडे गेली. दोर कापले. झाकण वर केलं.

नऊ शालूंच्या मध्ये मल्हार पडला होता. अंग घामानं निथळत होतं, ओठ निळे, मान एका बाजूला. एका शालूचा पदर झाकणात अडकून बोटभर फट राहिली होती, तिच्याकडे त्याचं तोंड होतं. केरोबानं त्याला उचललं, तर हात लोंबले. सगळे भोवती दाटले. दासी रडू लागल्या. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. म्हणाली, "सरा. गर्दी करू नका. त्याला चौकात न्या, उघड्यावर, वारा येऊ द्या. अंगरखा सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसा. पाणी तोंडात ओतू नका, ठसका लागेल."

तसं केलं. चौकात निजवलं. भिवरेनं कपाळ पुसलं, मान पुसली, काखा पुसल्या. छातीवर कान ठेवला. दूरवर काहीतरी होतं, किंवा नव्हतं. तिनं हाक मारली, मल्हार. हालला नाही. बापानं हाक मारली, मल्हारबा. हालला नाही. राणीनं हाक मारली, बाळा. हालला नाही. भिवरेनं बोरीच्या दिशेला तोंड केलं, पण देवीला मागायला तिच्याजवळ शब्दच उरला नव्हता.

मग तानी गर्दीतून पुढं आली. भावाच्या कानाशी ओणवी झाली. म्हणाली, "मल्हार, साईसुट्यो. तू जिंकलास. डाव संपला, बाहेर ये."

मल्हारच्या नाकपुड्या हलल्या. छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. त्यानं डोळे किलकिले केले, ताईकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. तसं भोकाड त्या वाड्यात कोणी ऐकलं नव्हतं, आणि त्या भोकाडासारखं गोड कोणी काही ऐकलं नव्हतं. राणीचं लेकरू दचकून जागं झालं, तेही रडू लागलं.

भिवरेनं म्हातारीचे पाय धरले. आता ती कोण ते तिला कळलं होतं. म्हणाली, "आई, मी उतले, मातले. वसा टाकला. मग माझं लेकरू परत कसं दिलंस?"

सटवाई म्हणाली, "तू टाकलास, पण तुझ्या घरानं टाकला नव्हता. लेकीचं पुण्य आईला लागलं. एरवी आईचं लेकीला लागतं. आता तिच्या हातावरचं ओझं काढ. लेकरानं लेकराची राखण करू नये, ते आईबापाचं काम."

भिवरेनं विचारलं, "ह्या वशाचं उद्यापन कधी करू?"

"ह्याला उद्यापन नाही. आज झाकलं, उद्या पुन्हा झाकायचं."

भिवरेनं मल्हारला उराशी धरलं. मग म्हणाली, "आणि माझी भीती? ती कधी जाईल?"

सटवाई म्हणाली, "ती जायची नाही. ती मीच आईच्या पोटी घालते, लेकराच्या आधी. तिला दारात बसव, ती राखण करील. तिला लेकरांच्या अंगावर सोडू नकोस." एवढं बोलून ती काठी टेकत गर्दीत गेली, ती पुन्हा कोणाला दिसली नाही.

मग काय झालं? केरोबानं कुंडाला बिजागरीचं झाकण केलं, एका हातानं पडेल असं. सांजेचे फेरे दोघं वाटून घेऊ लागली. वाड्यात फर्मान निघालं, पेटारा बांधण्याआधी हात घालून बघावा, गाडी हाकण्याआधी चाकाखाली बघावं, आणि लहान मूल थांबा म्हणालं तर थांबावं. राणीनंही वसा घेतला. तिच्या लेकराचं जावळ मळलेल्या शालूत झालं, काही अशुभ झालं नाही. आळीतल्या बायका, हमालांच्या बायका, जोशीबुवांची सून, सगळ्या षष्ठीला भिवरेच्या अंगणात दहीभात घेऊन येऊ लागल्या.

तानी पहिले काही दिवस घास घेई आणि आईच्या हाताकडे बघे. हात उगारतोय का बघे. भिवरा तो हात भुईवर ठेवी, उघडा, तळवा वर. हळूहळू तानीनं त्याच्याकडे बघणं सोडलं. मग ती बोलू लागली ती थांबेना. मुंगळ्याचं सांगे, मांजराचं सांगे, कोणी वाटेत काय म्हणालं ते सांगे. भिवरा सगळं ऐके. कधी कामाची घाई असे, कढई उतू जात असे, तरी ऐके. लेकरं मोठी झाली, त्यांना लेकरं झाली, आणि म्हातारी भिवरा त्यांच्याही हातावर पाणी घालून विचारी, आज काय पाहिलंस?

भिवरेला जशी सटवाई पावली, तशी ती तुम्हां-आम्हां पावो. घरोघरची कुंडं झाकलेली राहोत, विस्तव राखेत राहो, विष उंचावर राहो. ज्यांची लेकरं शिळेपलीकडे आहेत, त्यांच्या लेकरांना आई सांभाळो. आणि जी लेकरं पदर ओढताहेत, त्यांचं ऐकायला आपल्याला कान देवो. ही साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरांत तुमच्या ओटीत घातली. सुफळ होवो, संपूर्ण होवो.